मॉलमधली थंड हवा

नाइट फ्रँक या मालमत्ता क्षेत्रातल्या सल्लागार कंपनीने २०२५ मध्ये देशातल्या ३२ शहरांतले ३६५ मॉल तपासून एक अहवाल काढला. त्यात नागपूरच्या पुढे ४९ टक्के असा आकडा आहे. म्हणजे आपल्या गावातल्या मॉलांची जवळजवळ अर्धी जागा रिकामी. चाळीस टक्क्यांहून जास्त जागा रिकामी असलेल्या मॉलला त्या अहवालात ‘घोस्ट’ म्हटलं आहे, आणि देशात असे ७४ निघाले. नागपूरची सरासरीच त्या रेषेच्या पलीकडे गेलेली आहे.

सीताबर्डीच्या, म्हणजे आमच्या बर्डीच्या, बाजारात, इतवारीत, लग्नाच्या पंगतीत, कुठेही हा विषय काढा, दोन उत्तरं तयार असतात. ऑनलाइन खरेदी आणि कोरोना. दोन्हींत तथ्य आहे. मार्च २०२० मध्ये मॉलांना कुलपं लागली, ५ ऑगस्टला उघडायची परवानगी मिळाली तीही सिनेमा आणि फूडकोर्ट वगळून. दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद, आणि मग १५ ऑगस्ट २०२१ पासून लसीचे दोन्ही डोस घेतलेल्यांनाच प्रवेश. असा मार खाल्लेल्या दुकानदाराला उभं राहणं कठीणच. पण त्याच अहवालात मैसूरची रिकामी जागा २ टक्के आहे आणि विजयवाड्याची ४. मैसूरच्या लोकांच्या हातात काय फोन नाहीत? तिथे टाळेबंदी झाली नव्हती? जे दुखणं सगळ्यांना झालं ते आपल्यालाच एवढं का बाधलं, याचं उत्तर ऑनलाइन आणि कोरोनात सापडत नाही. मला ते आपले मॉल ज्या पद्धतीने जन्माला आले त्यात दिसतं.

त्याआधी मॉलनं या शहराला काय दिलं ते लिहिते. कारण बंद पडलेल्या मॉलबद्दल बोलताना लोक दुकानांचीच मोजदाद करतात, आणि माझ्या लेखी दुकानं ही त्यातली सर्वांत कमी महत्त्वाची गोष्ट होती.

एप्रिलच्या मध्यापासून मृग लागेपर्यंत नागपुरात दुपार ही घरात दडून काढायची असते. २३ मे २०१३ ला इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. त्या वर्षीचा नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ तापलेले दिवस, ज्यांनी काढला त्यांना आकडा सांगायची गरज नाही. सकाळी अकरालाच रस्ते ओस पडतात. ज्यांना बाहेर पडावंच लागतं ते दुपट्ट्यात डोळे सोडून सगळं गुंडाळून घेतात. घरात कूलरसमोर जागा धरून बसायचं, टाकीत पाणी कोणी भरायचं यावरून भावंडांत भांडणं, आणि लोडशेडिंगच्या काळात तर तो कूलरही गप्प. फुटाळा आणि अंबाझरी हे तलाव, बागा, चौकातले कट्टे, आपल्या शहरातल्या माणसांनी माणसांना भेटायच्या सगळ्या जागा उन्हाळ्यात सूर्य कलल्यावरच्या आहेत. दुपारी दोन वाजता, पैसे न देता, चार माणसांत बसता येईल अशी एकही जागा या शहरात नव्हती.

ती मॉलनं दिली. दोन हजार पाच-सहानंतरचा तो काळ. मिहान या विमानतळालगतच्या मोठ्या प्रकल्पाची चर्चा घराघरात होती, विमानांची दुरुस्ती इथे होणार, मोठ्या कंपन्या येणार, जमिनीचे भाव आठवड्याला बदलत होते. वर्धा रोडवर, बर्डीला, वर्धमाननगरला काचेच्या इमारती उभ्या राहायला लागल्या. शहर मोठं होतंय असं सगळ्यांना वाटत होतं, आणि ते वाटणं खोटं नव्हतं.

या इमारतींत कोण येत असे ते मी पाहिलं आहे. धंतोली-रामदासपेठेत दवाखान्यांची दाटी. गडचिरोलीहून, बालाघाटहून, छिंदवाड्याहून पेशंट घेऊन आलेले नातेवाईक दुपारी मॉलमध्ये येऊन पायऱ्यांवर टेकत. हातात एक्सरेचा लिफाफा आणि डब्याची पिशवी. होस्टेलच्या पोरी येत, खोलीवर पत्र्याचं छत म्हणून. रिटायर झालेले दोघेतिघे रोज ठरल्या वेळी येऊन एकाच बाकावर पेपर वाचत. लग्न ठरलेली मुलगामुलगी घरच्यांच्या परवानगीने भेटत आणि लग्न न ठरलेली परवानगीशिवाय. सुट्टीत माहेरी आलेल्या बहिणी पोरांना घेऊन येत, पोरं गुळगुळीत फरशीवर घसरत, आणि या गप्पा मारत. सगळ्यांना एकच हवं होतं, थंड हवा.

आणि बायकांसाठी आणखी एक गोष्ट होती, ती कुणी पुरुष लिहिणार नाही म्हणून मी लिहिते. बर्डीला खरेदीला जायचं तर घरून निघताना पाणी कमी प्यायचं, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. व्हेरायटी चौकापासून मोदी नंबर तीनपर्यंत सगळ्या गल्ल्या पायाखाली घातल्या तरी बाईमाणसाला जाता येईल अशी जागा मिळेल याचा भरवसा नव्हता. दिवाळीच्या आधी माझी आई, मावशी, शेजारच्या काकू सकाळी दहाला निघून संध्याकाळी पाचला परत येत आणि घरात पाऊल टाकल्याबरोबर चपला न काढता आत धावत. मॉलमध्ये स्वच्छ संडास होता. वाहतं पाणी, आतून लागणारी कडी आणि दिवा. मोठी आई, म्हणजे माझी मोठी काकू, पहिल्यांदा तिथून बाहेर आली आणि म्हणाली, “हे बरं केलं बाप्पा यांनी. आता जीव तोडून घरी पळायला नको.” पिशवीत तिने बर्डीवरूनच घेतलेल्या वस्तू होत्या. मॉलमध्ये तिने काहीही विकत घेतलं नव्हतं.

दुकानदार कुरकुरत. लोक फिरून राहिले नुसते, घेत कोणी नाही. त्यांचं दुःख खरं होतं. पण येणाऱ्यांचं काही चुकत होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. मुंबईत हाजीअलीजवळ १९९९ मध्ये क्रॉसरोड्स सुरू झाला तेव्हा सुरुवातीला मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड नसलेल्या माणसाकडून साठ रुपये प्रवेश घेत असत. मोबाइल ही तेव्हा श्रीमंतांची चीज होती. नागपुरात असं काही झालं नाही. दारावरचा गार्ड पिशवी बघायचा आणि आत सोडायचा. हे मला या शहराचं मोठेपण वाटतं.

मॉल ही कल्पनाच मुळात हवेपासून बचाव म्हणून निघाली. व्हिक्टर ग्रुएन हा व्हिएन्नाचा वास्तुरचनाकार, नाझींमुळे १९३८ मध्ये देश सोडून अमेरिकेत गेलेला. त्याने मिनेसोटात साउथडेल नावाचं संकुल बांधलं, ते १९५६ मध्ये उघडलं. पूर्ण बंदिस्त, आत बारमाही एकसारखं तापमान असलेला तो पहिला मॉल मानतात. मिनेसोटात हिवाळा हाडं गोठवणारा. ग्रुएनच्या डोळ्यांसमोर व्हिएन्नातले चौक होते, कॉफी पीत तासन्‌तास बसायच्या जागा होत्या. आजूबाजूला घरं, शाळा, दवाखाना, तळं, आणि मधोमध सगळ्यांनी जमायचा चौक, असं त्याला हवं होतं. बांधणाऱ्यांनी त्यातली फक्त दुकानं आणि पार्किंग घेतलं, बाकीचं सोडून दिलं. म्हातारपणी त्याने अशा मॉलांशी आपला काही संबंध नाही असं जाहीर सांगून टाकलं. नागपूरच्या लोकांनी मात्र कुठलंही पुस्तक न वाचता मॉलचा त्याच्या मनातला उपयोग केला.

आता एम्प्रेस मॉलची जमीन.

गांधीसागर तलावाला जुनी माणसं अजून जुम्मा टँक किंवा शुक्रवारी तलाव म्हणतात. त्याच्या काठची जागा दीडशे वर्षांपूर्वी दलदलीची होती. जमशेटजी टाटांनी १८७४ मध्ये कंपनी काढली आणि रेल्वे स्टेशन जवळ, कापूस जवळ म्हणून तिथे गिरणी बांधायला घेतली. भराव टाकायचं काम चालू होतं तेव्हा भांडवलासाठी एका मारवाडी सावकाराला विचारलं. जो माणूस सोनं मातीत घालून खड्डे बुजवतो त्याला मी पैसे देणार नाही, असं तो म्हणाल्याची गोष्ट टाटांच्या चरित्रांत येते. पुढे त्यानेच कबूल केलं म्हणे, की यांनी माती घातली आणि सोनं काढलं. १ जानेवारी १८७७ ला, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली. नाव त्यावरूनच एम्प्रेस. कारभार बेझनजी दादाभाई मेहतांच्या हातात. १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड, १८९५ पासून अपघाताची भरपाई. त्या काळात हे कुठे ऐकायला मिळत नव्हतं.

यातली मला सर्वांत जवळची वाटणारी गोष्ट वेगळी आहे. नागपूरच्या कोरड्या हवेत कापसाचा धागा तुटतो. म्हणून जमशेटजींनी गिरणीत हवा दमट ठेवणारी यंत्रं बसवली, आग विझवणारे फवारे बसवले. भारतात ती तशी पहिलीच असल्याचं टाटा समूहाच्या इतिहासात नोंदलेलं आहे. माझे आजोबा एम्प्रेसच्या विणाई खात्यात होते. ते सांगत, आत दमट उकाडा असायचा, अंगातला सदरा पिळून काढावा लागायचा, पण ताणा तुटायचा नाही. म्हणजे या मातीवर हवा बदलायचा उद्योग मॉलच्या कितीतरी आधीपासून चालू होता. फक्त ती धाग्यासाठी बदलली जायची, माणसासाठी नाही.

भोंगा झाला की महालातल्या आमच्या गल्लीत सायकलींची रांग सुरू व्हायची असं वडील सांगतात. १९८६ मध्ये गिरण्या राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या, त्यानंतर वर्षं नुसती ढकलली गेली आणि २००२ च्या सुमारास सगळं थांबलं. थकबाकी, व्हीआरएस, कोर्ट, ही तिची शेवटची वर्षं. त्या जमिनीवर एम्प्रेस सिटी आली, मॉल आला. गिरणीची एक चिमणी आणि जुनं नाव एवढं सोडलं तर काम करणाऱ्या हजारो माणसांची आठवण सांगणारं तिथे फार थोडं उरलं. आणि २०१९ मध्ये बँकांच्या कर्जाच्या एका प्रकरणात ईडीने तो मॉल जप्त केला. किंमत लावली होती सुमारे ४८३ कोटी. ती बातमी वाचताना मला तो सावकार आठवला.

पण मला सांगायचं आहे ते गाळ्यांबद्दल. आणि तो मॉल दुसरा, शहराच्या दुसऱ्या टोकाचा. त्याचं नाव लिहीत नाही.

माझे मोठे बाबा, म्हणजे मोठे काका, सरकारी नोकरीतून निवृत्त झाले तेव्हा हातात आलेल्या पैशातून त्यांनी त्या मॉलमध्ये पहिल्या मजल्यावर एक गाळा घेतला. इमारत तेव्हा अर्धी उभी होती. विकणारा माणूस घरी आला, दिवाणखान्यात नकाशा पसरला आणि म्हणाला, “काका, पैसे बँकेत पडून काय करणार? दर महिन्याला भाडं घरी येईल. तुम्ही आरामात बसून राहा.” मोठे बाबा नकाशावर बोट ठेवून बराच वेळ पाहत होते. आयुष्यभर भाड्याच्या क्वार्टरमध्ये राहिलेला माणूस. कुणीतरी आपल्याला भाडं देईल ही कल्पना त्यांना किती गोड वाटली असेल ते मला समजतं.

अशी घरं नागपुरात शेकडोंनी आहेत. डॉक्टर, मास्तर, वेकोलि या कोळसा कंपनीतून निवृत्त झालेले, अमरावती-यवतमाळचे शेती विकलेले, रायपूरला दुकान असलेले. बिल्डरला बांधकामासाठी पैसा हवा होता आणि बँका मॉलसाठी सहज कर्ज देत नव्हत्या, तेव्हा सर्वांत सोपा रस्ता हाच. मॉल बांधायच्या आधीच तुकडे करून विकून टाकायचा. बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा रेरा कायदा आपल्याकडे मे २०१७ पासून लागू झाला. त्याआधी सुपर बिल्टअपच्या नावाखाली जिना, पॅसेज, लॉबी सगळं गाळ्याच्या मापात मिसळून विकायची पद्धत सर्रास होती. मोठ्या बाबांनी ताबा घेतला तेव्हा आतली जागा कागदावरच्या आकड्याच्या जेमतेम निम्मी भरली.

इथेच सगळं बिनसलं असं माझं मत आहे.

मॉल नीट चालतो तिथे अख्खी इमारत एकाच मालकाची असते आणि गाळे भाड्याने असतात. तो ठरवतो की चपलांचं दुकान कुठे, कपड्यांचं कुठे. खाणं वरच्या मजल्यावर ठेवतो म्हणजे माणूस सगळ्या दुकानांवरून वर जातो. मोठ्या दुकानाला भाडं मुद्दाम कमी लावतो, कारण त्याच्यामुळे गर्दी येते आणि ती गर्दी लहान दुकानांना मिळते. पुष्कळ ठिकाणी भाडं विक्रीच्या टक्क्यांत असतं, म्हणजे दुकान चालावं ही मालकाचीही गरज होते. मेडिकल चौकातला व्हीआर मॉल असा एका हातात आहे, आणि शनिवार-रविवारी तिथे गाडी लावायला जागा शोधावी लागते. म्हणजे नागपूरच्या माणसाला मॉल नकोसा झाला हे काही खरं नाही.

आणि जिथे दीडदोनशे मालक, तिथे काय होतं? ज्याला जो भाडेकरू मिळाला तो त्याने ठेवला. साड्यांच्या दुकानाला लागून कर्जवसुलीचं ऑफिस. त्याच्या बाजूला कुणाचं तरी गोदाम, शटर कायम खाली. मग संगणकाचा क्लास. पुष्कळांनी गाळा घेतलाच मुळी भाव वाढायची वाट पाहण्यासाठी, ते तो भाड्याने देतही नाहीत. एका ओळीत तीन शटर बंद दिसली की चौथ्या दुकानाकडे माणूस वळत नाही. वरचा मजला आधी पडतो, मग त्याच्या खालचा. रस्त्याला तोंड असलेले तळमजल्याचे गाळे शेवटपर्यंत तग धरतात, कारण ते मॉलच्या जिवावर चालतच नसतात, रस्त्याच्या जिवावर चालतात.

त्यात मोठं दुकान उठलं की संपलं. रामदासपेठेतल्या बिग बझारला २६ जानेवारीच्या सेलला लागणारी रांग ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे सांगायला नको. फेब्रुवारी २०२२ मध्ये बिग बझार चालवणाऱ्या फ्यूचर ग्रुपच्या दुकानांच्या जागा रिलायन्सने ताब्यात घ्यायला सुरुवात केली आणि देशभर तो धंदा कोसळला. ज्या-ज्या इमारतीने आपली सगळी गर्दी अशा एखाद्याच दुकानावर टांगून ठेवली होती, तिच्यातल्या लहान दुकानदारांच्या हातात काही उरलं नाही.

पण या सगळ्याच्या मुळाशी आहे ती थंड हवाच. छतावरचा एसीचा प्लांट अख्ख्या इमारतीसाठी असतो. अर्धे गाळे बंद आहेत म्हणून हवा अर्धी थंड करता येत नाही. पॅसेज, जिने, मधला चौक, संडास, बाक, पार्किंग, हे सगळं सामायिक, आणि त्याचं बिल मेन्टेनन्स म्हणून सगळ्यांत वाटलेलं. ज्याचा गाळा बंद तो म्हणतो मी कशाला भरू? ज्याचा चालू आहे तो म्हणतो दुसरे भरत नाहीत तर माझ्यावरच का? थकबाकी वाढते. मग प्लांट संध्याकाळीच चालवायचा ठरतं. मग फक्त शनिवार-रविवार. मग एखाद्या उन्हाळ्यात एक कॉम्प्रेसर बिघडतो आणि तो दुरुस्त करायला पैसे गोळा होत नाहीत. सरकता जिना थांबतो, लोक त्यावरून पायी चढतात. लिफ्टवर कागद चिकटतो. संडासाला कुलूप लागतं, किल्ली गार्डकडे, आणि गार्ड जागेवर नसतो.

आणि आपल्या इमारती काचेच्या! पश्चिमेला तोंड करून उभी केलेली काचेची भिंत, उघडायला एक खिडकी नाही. एसी चालू असेपर्यंत ठीक. तो बंद पडला की मे महिन्यात आत पाऊल टाकवत नाही. महालातल्या जुन्या वाड्यांच्या भिंती हातभर जाड, मधे चौक, वर धाबं. तिथे वीज नसतानाही दुपार निभायची. हे ज्ञान या शहरात होतं. चार पिढ्यांचं होतं. ते कुणी विचारलंच नाही.

बिल्डरने विकला तो गाळा. लोक येत होते ते गाळ्याबाहेरच्या जागेसाठी. त्या बाहेरच्या जागेला मालकच नव्हता.

बर्डी का टिकली असा प्रश्न मग येतोच. तिथेही मालक शेकडो, गल्ल्या अरुंद, वर ऊन. पण तिथला दुकानदार गादीवर स्वतः बसतो. शेजारी कोण आहे, कुणाचं चाललं, कुणाचं बसलं हे त्याला माहीत असतं. सणासुदीला शेजाऱ्याकडून माल आणून गिऱ्हाइकाला देतो. आणि त्याच्या दुकानाबाहेरचा रस्ता महापालिकेचा आहे, कितीही खराब असला तरी तो कुणी बंद करू शकत नाही. आता तर मेट्रोच्या दोन्ही मार्गांचं मोठं स्टेशन तिथेच आहे. इतवारीचंही तेच. तिथे बसायला जागा नाही, सावली नाही, संडास तर नाहीच. पण बाजार आहे. मॉलमध्ये बाकीचं सगळं होतं आणि बाजार कधी जमलाच नाही.

मोठ्या बाबांच्या गाळ्यात आधी मोबाइलची कव्हरं विकणारा एक मुलगा होता, नंतर लेडीज चपलांचं दुकान. त्या बाईंनी जाताना मोठ्या बाबांच्या हातात किल्ली दिली आणि रडल्या. मोठ्या बाबांनी शेवटच्या महिन्याचं भाडं घेतलं नाही. नंतर भाडेकरू आला नाही. मेन्टेनन्सचं बिल येत राहिलं, मालमत्ता कर येत राहिला. तरी ते महिन्यातून एकदा जाऊन शटर वर करायचे, झाडू मारायचे, खुर्ची टाकून थोडा वेळ बसायचे. मी एकदा म्हटलं, कशाला त्रास घेता, कुणी येत नाही तिथे. तर म्हणाले, “बंद ठेवला तर शटरला जंग लागते. आपली जागा आहे ना.” आपली जागा या दोन शब्दांत त्यांच्या नोकरीची सगळी वर्षं होती. ज्यांनी त्यांना ती अर्धी उभी असताना विकली त्यांच्याबद्दल मला राग आहे, आणि तो कमी व्हावा असं मला वाटत नाही.

मोठे बाबा गेले. आता गाळा मोठ्या आईच्या नावावर आहे.

महापालिका दर उन्हाळ्यात उष्माघात कृती आराखडा राबवते. पाणपोया लागतात, दवाखान्यांत थंड वॉर्ड ठेवतात, दुपारी बाहेर पडू नका असं सांगतात. ज्याला घर आहे, घरात कूलर आहे, त्याला हे सांगणं ठीक. फेरीवाला, पेशंटसोबत आलेला माणूस, पत्र्याच्या खोलीतली होस्टेलची पोरगी, यांनी कुठे जायचं? आणि त्याच शहरात मॉलांतली जवळजवळ निम्मी जागा रिकामी पडलेली आहे, छप्पर आहे, पाण्याची लाइन आहे, संडास बांधलेले आहेत, बसायला फरशी आहे. एखाद्या ओस मॉलचा एक मजला महापालिकेने भाड्याने घेतला, तिथे अभ्यासिका केली, चार महिने दुपारी बसायला जागा दिली, तळमजल्यावर बायकांसाठी नीट संडास चालवला, तर ते भाडं गाळेवाल्यांच्या थकलेल्या मेन्टेनन्समध्ये वळतं करता येईल. सामायिक जागेला एक जबाबदार मालक मिळेल. लोक पुन्हा येऊ लागले की दोन-चार दुकानंही उघडतील, निदान चहाचं आणि झेरॉक्सचं तर नक्की. हे फार मोठं स्वप्न आहे असं मला वाटत नाही. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पोरं या शहरात खुर्चीसाठी महिन्याचे पैसे मोजून राहिली आहेत.

अडचण सह्यांची आहे. सगळ्या गाळेवाल्यांना एकत्र आणायचं तर कुणी पुण्यात, कुणी रायपूरला, कुणी मुलाकडे बंगळुरूला. काही वारले, वारसांची नावं चढलेली नाहीत. दोघांचे आपसात खटले. एकाने तर गाळा गहाण ठेवला आहे आणि तो फोनच उचलत नाही. तरी आमच्या मॉलच्या गाळेधारकांची सभा या रविवारी ठेवली आहे, पार्किंगमध्ये, कारण वर पंखे चालत नाहीत. वायरिंग उपटून इमारत एकगठ्ठा विकून टाकावी असं काहींचं म्हणणं आहे. मी अभ्यासिकेचा प्रस्ताव लिहून नेते आहे, मराठीत दोन पानं, सोबत मागच्या थकबाकीचा हिशेब.

मोठी आई माझ्याबरोबर येणार आहे. येऊ नको म्हणून मी तिला सांगून पाहिलं, उन्हाचे दिवस आहेत. तिने मोठ्या बाबांची फाइल काढून ठेवली आहे, खरेदीखत, पावत्या, कराची बिलं सगळी तारखेने लावलेली. “सही कुठं करायची ते मला नीट वाचून सांगशील,” ती म्हणाली, “अन्‌ पहिले त्या गार्डकडून संडासाची किल्ली घे. बाया येतील सभेला.”